चाइल्ड ओपीडीत थोडीच मुलं धर, पण सोडू नकोस

पत्र:

मॅडम, मी खान्देशातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सायकियाट्रीची जेआर-टू, म्हणजे एमडीच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सध्या माझी चाइल्ड ओपीडीची पोस्टिंग चालू आहे. मोठ्या उत्साहानं आले होते, आता भीती वाटायला लागली आहे. एका मुलाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. आई बोलते, वडील तिला मध्येच गप्प करतात, आणि मूल एकतर टेबलाखाली शिरतं नाहीतर खाली मान घालून बसतं. मी केस पेपर भरते, सरांना सांगते, सर दोन प्रश्न विचारतात आणि औषध लिहितात. पुढच्या वेळी ते मूल दुसऱ्याच जेआरकडे जातं. अर्धी ओपीडी तर दिव्यांगत्वाच्या दाखल्यांचीच असते. मी पुण्याची. धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलांशी मला धड बोलताही येत नाही. पोस्टिंग लवकरच संपेल आणि माझ्या हाती काही लागलेलं नसेल. मला पुढे बालमानसोपचारच करायचा आहे. तो इथे शिकता येतो का? की इथले दिवस कसेबसे काढायचे आणि खरं शिक्षण बंगळुरूला गेल्यावरच?

उत्तर:

प्रिय जेआर-टू,

बंगळुरूला जायचं असेल तर जरूर जा. निम्हान्सला बाल व किशोर मानसोपचाराचं डीएम, म्हणजे एमडीनंतरचं विशेष शिक्षण आहे, चंदीगडच्या पीजीआयलाही आहे, आणि तिथे मिळतं ते सगळं तुला इथे मिळेल असं खोटं मी सांगणार नाही. पण तिथे नेमकं काय मिळतं ते तरी बघू. तिथल्या विद्यार्थ्याला एका मुलासाठी तासभर काढता येतो. सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, स्पीच थेरपिस्ट हाकेच्या अंतरावर असतात. तो मुलाशी बोलत असताना शिकवणारं कुणीतरी त्याच्याकडे बघत असतं. आणि तेच मूल महिनोन्‌महिने त्याच्याकडेच येत राहतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातात नाहीत. उरलेल्या दोन आहेत, आणि माझं मत विचारशील तर माणूस शिकतो तो मुख्यतः त्या दोनांतूनच.

तू पंधरा मिनिटांवर फार वैतागली आहेस. मला तुझ्या पत्रातलं ‘पुढच्या वेळी ते मूल दुसऱ्याच जेआरकडे जातं’ हे वाक्य जास्त खुपलं. मोठ्या माणसाचं डिप्रेशन सहा महिन्यांनी बघितलं तरी माणूस तोच असतो. सहा महिन्यांनी आलेलं चार वर्षांचं मूल वेगळंच असतं. ते आता दोन शब्द जोडून बोलतं, ते आजार उतरला म्हणून, औषधानं, अंगणवाडीत जायला लागलं म्हणून, की नुसतं वाढलं म्हणून? हे ज्यानं आधीचं मूल बघितलंय त्यालाच सांगता येतं. केस पेपरवर मागच्या जेआरनं ‘इम्प्रूव्हिंग, कंटिन्यू सेम’ लिहिलेलं असतं. त्यावरून कुणाला काय कळणार?

म्हणून पहिलं काम हे कर. विभागप्रमुखांकडे जा आणि सांग, की पोस्टिंग संपल्यावरही आठवड्यातली एक दुपार मला माझी आठ-दहा मुलं बघू द्या. जास्त मागू नकोस. बाकीची गर्दी रोटेशननं जेआर बदलत बघतीलच. या आठ-दहांच्या केस पेपरवर ठळक अक्षरात तुझं नाव असू दे, आणि रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर बसणाऱ्या मामांना ती नावं माहीत असू देत. ते मामा तुझ्या बाजूनं असले की अर्धं काम झालं समज.

कोणती मुलं धरायची? सेमिनारमध्ये मांडता येईल अशी दुर्मिळ केस धरायचा मोह होतो. ती नको. जन्मभर तुझ्यापुढे येणार आहेत ती धर. वर्गात न बसणारा सात-आठ वर्षांचा मुलगा. न बोलणारं तीन-चार वर्षांचं मूल. फिट्स येतात म्हणून आश्रमशाळेतून आणलेली मुलगी. शाळेचं नाव काढलं की ज्याचं पोट दुखतं असा एखादा. आणि घरातलं फवारणीचं औषध पिऊन वाचलेला नववी-दहावीतला पोरगा.

वर्गात न बसणाऱ्याचं बघ. आई म्हणते, ‘एका जागी बसतच नाही’, आणि तिथल्या तिथे एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा आणि लक्ष न टिकण्याचा विकार, लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, डीएसएम-५, काय मागतं? लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली, निदान सहा महिने टिकलेली, आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी आढळणारी. शाळेतलं तुला गुरुजीच सांगणार. म्हणजे हे निदान पहिल्या भेटीत पुरं होणारच नाही, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. तोवर त्याला नीट ऐकू येतं का, तो झोपेत घोरतो का, हिमोग्लोबिन किती आहे, सातपुड्याकडचा असेल तर सिकलसेलची तपासणी झालीय का, हे बघून घे. वर्गात बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवतो का, हेही गुरुजींना विचार. यातून कधीकधी ॲबसन्स फिट्स, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याच्या फिट्स, सापडतात, आणि तोवर ‘लक्ष देत नाही’ म्हणून त्या पोरानं छड्या खाल्लेल्या असतात.

पुढे एडीएचडीचं मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू झालं तर दर भेटीला वजन, उंची, नाडी आणि बीपी तू स्वतः मोज. भूक मेली म्हणून आईनं गोळी मध्येच बंद केलेली असते आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही. शिवाय हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे ते सहज मिळत नाही. घरापासून किती लांब गेलं म्हणजे ते हाती पडतं आणि त्या फेरीला एका मजुरीचा दिवस जातो का, हे विचारूनच औषध ठरव. गुरुजींना फोन लावायचा तो मधल्या सुट्टीत. आवाजात डॉक्टरकी आणू नकोस, ‘गुरुजी, तुमची मदत हवी होती’ इतकंच म्हण. आपल्या देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेत निघालं, दवाखान्यात नाही. घर आणि शाळा सोडून मुलाचा उपचार होत नाही हे तेव्हाच्या लोकांना कळलेलं होतं. आपण मात्र ओपीडीच्या खोलीबाहेर फोनसुद्धा करायला संकोचतो.

न बोलणाऱ्या मुलाबद्दल थोडक्यात. आधी कानाची तपासणी, मग बाकी सगळं. नावानं हाक मारल्यावर बघतं का, हवं ते बोटानं दाखवतं का, खोटंखोटं खेळतं का, या तीन गोष्टी दर भेटीला तारखेसह लिहून ठेव. वर्षभरानं त्या नोंदी सलग वाचशील तेव्हा ऑटिझमवरच्या कुठल्याही प्रकरणातून कळलं नसतं ते कळेल. आणि ‘मोबाईल दिल्यामुळे झालं’ असं आईच्या तोंडावर म्हणू नकोस. मोबाईल कमी करायला सांग, पण दोष तिच्या पदरात टाकू नकोस. सासरी तो आधीच टाकून झालेला असतो.

आता आश्रमशाळेतली मुलगी. तेरा-चौदाची असते. अधीक्षक किंवा बाई सोबत असतात, ‘हिला बाहेरचं आहे म्हणतात, भगताकडे नेऊन आणली, आता तुमच्याकडे आणली’ असं काहीसं सांगतात. कधी एकीनंतर तिच्याच खोलीतल्या दुसरीला, तिसरीला झटके सुरू झालेले असतात. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून खरी फिट नाही असं ठरवू नकोस. अपस्मारातही तो नॉर्मल येऊ शकतो, आणि एकाच मुलीला दोन्ही प्रकारचे झटके असू शकतात. झटका प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाकडून सगळं वर्णन घे. डोळे मिटलेले होते की उघडे, किती वेळ चाललं, जीभ चावली का, लघवी झाली का, नंतर गुंगी होती का. आजकाल कुणीतरी मोबाईलवर शूटिंगही केलेलं असतं. ते बघ, पण स्वतःच्या फोनवर घेऊ नकोस आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस.

झटके मानसिक आहेत असं दिसलं तरी ‘नाटक करते’ हे शब्द तुझ्या ओपीडीत कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नकोस, मग तो वॉर्डबॉय असो की तुझा सीनियर. ती ते मुद्दाम करत नाही. भगताचीही टिंगल नको. ती माणसं तुझ्याइतकीच त्याच्यावरही विसंबून आहेत, आणि तू त्याला हसलीस तर पुढच्या वेळी तुझ्याकडे येणार नाहीत.

मग सोबतच्या मोठ्यांना बाहेर बसव आणि तिच्याशी एकटीशी बोल. दार उघडं, पडदा ओढलेला, नर्सताई नजरेच्या टप्प्यात. ‘तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात वयाची मर्यादा अठरा आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली की ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ नं तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून आधीच सांग, ‘बरंचसं आपल्या दोघींत राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल तर तुला वाचवायला मला काही माणसांना सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन.’ यामुळे मुली गप्प होतील असं तुला वाटेल. काही होतातही. पण नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटून ओपीडी कायमची तोडण्यापेक्षा हे बरं.

पहिल्या भेटीत ती ‘डोकं दुखतं’ इतकंच म्हणेल. दुसऱ्या भेटीत जेवणाबद्दल, मैत्रिणींबद्दल बोलेल. सुट्टीत घरी गेल्यावर लग्न ठरवतील ही धास्ती, किंवा त्याहून वाईट काही, बाहेर यायला तिसरी-चौथी भेट लागते, आणि तीही समोर तोच चेहरा असेल तरच. दर वेळी नवा जेआर बसलेला असेल तर ती दर वेळी ‘डोकं दुखतं’ पासून सुरुवात करणार. आपण केस पेपरवर ‘क्रॉनिक हेडेक’ लिहिणार.

कापसाच्या पट्ट्यातला, विष घेतलेला पोरगा ओपीडीत आपण होऊन येत नाही. मेडिसिनच्या वॉर्डातून डिस्चार्ज होताना त्याच्या हातात सायकियाट्रीची चिठ्ठी देतात, घरचे ती खिशात ठेवतात आणि विषय संपतो. तेव्हा त्याची ओपीडीतली पहिली भेट वॉर्डातच उरकून घे. कॉटवर बसून, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. वडील पोलीस केसला घाबरलेले असतात; त्यांना सांग, की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. मग वडिलांना विचार, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? बहुतेक घरांत ते खाटेखाली, नाहीतर धान्याच्या कोठीमागे असतं. शेतातल्या खोलीत कुलपात ठेवायला लाव, किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवून घे. या एका प्रश्नाचा उपयोग तुझ्या लांबलचक समुपदेशनापेक्षा जास्त होऊ शकतो. डिप्रेशनसाठी फ्लुऑक्सेटीनची गोळी सुरू केलीस तर आठवड्याभरात परत बोलाव, येणं जमणार नसेल तर फोन कर. किशोरांमध्ये ही औषधं सुरू केल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २००४ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापायचा आदेश दिला. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या वहीत लिहून दे. चिठ्ठीवर नको, चिठ्ठी हरवते.

एवढं सगळं फॉलोअपवर अवलंबून, आणि फॉलोअपला लोक येत नाहीत हे तू म्हणशीलच. येत नाहीत, कारण आपण तारखा आपल्या कॅलेंडरवरून देतो. तोरणमाळकडच्या माणसाला ‘१५ दिवसांनी, मंगळवारी’ म्हणून काय उपयोग? त्यांच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचार, एसटी किंवा जीप त्या दिवशी नक्की मिळते. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलंही सोबत. त्या काळात येऊ न शकणाऱ्याला ‘डिफॉल्टर’ लिहू नकोस, जाण्याआधी बोलावून गोळ्यांची सोय करून दे आणि पुढची तारीख होळीच्या सुमाराची धर. होळीला सातपुड्यातला माणूस गावाकडे येतोच. रावेर-यावलकडे केळीची कापणी, इकडे कापूस वेचणी असली की आई येणार नाही, आजी येईल. आजी आली तर चिडू नकोस, मुलाबद्दल आजीला आईपेक्षा जास्त माहीत असतं. आणि दोन फोन नंबर घे, एक घरचा आणि एक आशाताईंचा.

सरांबद्दल. ते वाईट शिकवतात असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. ते तुला बोलताना बघतच नाहीत, एवढीच अडचण आहे. तू मुलाशी बोललीस त्याची गोष्ट ते ऐकतात, आणि त्या गोष्टीवर उपचार ठरतो. सर्जरीत टाके घालताना सीनियर शेजारी उभा असतो. आपल्याकडे मात्र जेआर बंद खोलीत एकटा इंटरव्ह्यू घेतो आणि बाहेर येऊन त्याचं वर्णन करतो. तेव्हा आठवड्यातून एकदा, एकाच मुलासाठी, सरांना म्हण, ‘सर, दहा मिनिटं मागे बसा, काही बोलू नका, नंतर सांगा.’ आईच्या बोलण्याच्या नादात मुलाकडे तुझी पाठ होते हे त्यांना पहिल्या मिनिटात दिसेल. तुला कधीच दिसणार नाही. सरांना वेळ नसेल तर सायकॉलॉजिस्टना बसव, तेही नसतील तर तुझ्याच बॅचमेटला.

पंधरा मिनिटांत सगळी हिस्टरी घ्यायचा हट्टही सोड. पहिल्या दिवशी आजची अडचण, जिवाला धोका आहे का, आणि मुलाशी ओळख, इतकंच. गरोदरपण, बाळंतपण, वाढीचे टप्पे दुसऱ्या दिवशी. घरातली भांडणं तिसऱ्या दिवशी आपोआप येतात. आल्या आल्या आधी मुलाशी बोल, मग आईशी. टेबलाखाली शिरलं तर तूही खाली बस. ॲप्रन मळेल, मळू दे. खेळणी महाग नकोत. खडू, पाठकोरे कागद, मातीचे बैल, एक लाल एसटी. विनिकॉट नावाचे इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषक कागदावर एक वाकडीतिकडी रेघ ओढून मुलाला तिचं काहीतरी करायला सांगत, मग मूल रेघ ओढी आणि ते तिचं चित्र करत. त्याला खर्च काही नाही, आणि भाषाही लागत नाही.

भाषेवरून आठवलं. अहिराणी तू महिन्याभरात कामापुरती शिकशील. ‘तुनं नाव काय शे? घरमा कोन कोन शे?’ एवढ्यानं सुरुवात कर. पुण्याच्या उच्चारांवर पोरं हसतील, हसू देत, तेवढाच ताण कमी. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र दुभाषा लागेलच. तो निवडताना सांभाळ. आश्रमशाळेतून आलेल्या मुलीचं म्हणणं आश्रमशाळेच्याच माणसाकडून समजून घेऊ नकोस, आणि बापाबद्दलचा प्रश्न काकाच्या तोंडून विचारू नकोस. कॉलेजच्या नर्सिंगच्या मुलींमध्ये, इंटर्न्समध्ये त्या भागातल्या असतातच. त्यांना शोध, पहिल्यांदाच गुप्ततेचं समजावून सांग, आणि बोलताना दुभाष्याकडे न बघता मुलीकडे बघ.

दाखल्यांच्या बाबतीत मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. अर्धी ओपीडी दाखल्यांची म्हणून तू नाक मुरडलंस. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, अध्ययन अक्षमता या सगळ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, आणि त्या यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर त्या घराची एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, दहावीला लेखनिक असं बरंच काही अडलेलं असतं. तुझ्यासाठी ते शिक्षणही आहे. सायकॉलॉजिस्टशेजारी बसून बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी होताना बघ, रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजणारी व्हीएसएमएस प्रश्नावली तू स्वतः भर. मूल स्वतः जेवतं का, दुकानातून मीठ आणतं का, शेळ्या मोजून परत आणतं का, हे विचारता विचारता तुला आकड्यामागचं मूल दिसेल. कधी आयक्यूचा आकडा ५५ असतो आणि पोरगं शेळ्या बिनचूक सांभाळत असतं. तिथे थांब, चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचार.

डीआरपीचे, म्हणजे एमडीच्या प्रत्येकाला जिल्ह्यात काढावे लागणारे, तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातील तेव्हा तुझी आठ-दहा मुलं तुटतील, याचा विचार आत्ताच कर. जमलं तर त्या काळात जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, आपण डीईआयसी म्हणतो तिथे, दिवस मागून घे; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शाळा-अंगणवाड्यांत सापडलेली मुलं तिथेच येतात आणि स्पीच थेरपिस्टही तिथेच भेटण्याची शक्यता जास्त. तुझी मुलं तोवर कुणाकडे देणार त्या जेआरची ओळख तू असतानाच, तुझ्या खोलीत, मुलांशी करून दे. आणि थिसिसचा विषय अजून पास झाला नसेल तर याच मुलांमधून काढता येतो का ते गाईडना विचार.

विभागप्रमुखांकडे पोस्टिंग संपायची वाट न बघता याच आठवड्यात जा, जाताना मुलांची यादी आणि कोणती दुपार हवी ते कागदावर लिहून ने. नाही म्हणाले तर कारण विचारून घे आणि मला लिही. खोली नाही, असं कारण सांगितलं तर आताच सांगून ठेवते: लसीकरणाची खोली दुपारी बहुतेक रिकामी असते.